ती बाटली मागवू नका, आधी करदोडा काढायला सांगा

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देते:

"ताई, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, कोल्हापुरात तालमीत राहतो. आठ महिने झाले जांघेत आणि कमरेला गजकर्ण आहे. मेडिकलमधनं ट्यूब आणली, चार दिवसांत गेल्यासारखं झालं आणि परत आलं ते आधीपेक्षा मोठं. मग टर्बिनाफिनच्या गोळ्या महिनाभर खाल्ल्या, तेवढ्यापुरता फरक. दिवाळीला घरी येऊन गेला तेव्हापासून धाकटीच्या पोटावर आणि सासूबाईंच्या पाठीवर पण चट्टे आलेत. आता त्यानं मोबाइलवर बघितलंय की बेडकाच्या कातडीपासून पेप्टाइड नावाचं नवीन औषध निघालंय, बुरशी त्याला कधीच सरावत नाही म्हणे. ऑनलाइन ३,८०० रुपयाला बाटली येते, आत पावडर असते, पाण्यात कालवून लावायची. वस्ताद म्हणतात काही नको, मातीत लोळ, जाईल. ह्यांचं म्हणणं, सकाळची शिळी थुंकी लाव. मी कुणाचं ऐकू? – कागल तालुक्यातली एक आई"

ताई, पहिलं हेच सांगते की ती बाटली मागवू नका, पैसे भरले असतील तर आली तरी उघडू नका. पण पोराला रागावू पण नका, कारण त्यानं जे बघितलंय ते सगळंच खोटं नाहीय. बेडकाची गोष्ट खरी आहे, पेप्टाइडं खरी आहेत, आणि गंमत म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या थुंकीत पण त्यातलं एक असतं. खोटं आहे ते एवढंच की ते औषध त्या बाटलीत आहे. हे नीट कुणी समजावून सांगत नाही म्हणून पोरं रील बघून पैसे घालवतात, त्यामुळं आज जरा लांबण लागली तरी सगळं सांगते.

पण आधी त्या ट्यूबबद्दल, कारण तुमच्या घरातलं निम्मं दुखणं तिथनं सुरू झालंय असं मला वाटतं. मी २२ वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभी आहे. सुरुवातीची कितीतरी वर्षं "गजकर्णाची ट्यूब द्या" म्हटलं की मी पण ती देत होते, ती एकात तीन-चार औषधं असलेली, स्वस्त, लगेच आराम देणारी. मागं बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, त्यात क्लोबेटासॉल म्हणून एक नाव बघा, किंवा बीटामेथासोन, ते स्टिरॉइड. एक दिवस असाच एक पैलवान पोरगा आला, वर्षभर माझ्याकडनंच ट्यूब नेणारा, लाजत लाजत ट्रॅकपँट गुडघ्याच्या वर सरकवून मांडी दाखवली त्यानं. बाळंतपणानंतर बाईच्या पोटावर जशा रेघा पडतात ना, तशा जांभळट रेघा आतल्या बाजूला, बोटभर रुंद, कातडी कागदासारखी पातळ झालेली आणि त्या रेघांच्या मधूनच गजकर्णाचं नवीन वेटोळं. त्या रेघा पूर्ण जात नाहीत, फिकट होतात फक्त. वीस वर्षांचं पोर होतं ते. त्या दिवसापासून मी चिठ्ठीशिवाय ती ट्यूब दिली नाही, पण आधी दिल्या त्याचं काय, ते मनात आहेच. २०१८ साली सरकारनं अशी बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. तरी मिळतात, हे तुम्हालाही माहितीय.

स्टिरॉइड करतं काय, तर लाली आणि खाज थांबवतं. लाली आणि खाज म्हणजे शरीर बुरशीशी भांडत असल्याची खूण असते. आपल्याकडं पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं असतं की नाही, ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, आता कुणी जाऊन ते आकडेच पुसून टाकले तर काय पंचगंगेचं पाणी उतरणार आहे का? तसं आहे हे. चार दिवस आकडे दिसले नाहीत, पाणी आत येतच राहिलं, आणि ट्यूब बंद केली तेव्हा घरात गुडघाभर.

दुसरी गोष्ट बुरशीची. ही आपल्या आज्जीच्या वेळची बुरशी राहिलेली नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात एक हट्टी जात पसरलीय, ट्रायकोफायटन इंडोटिनी म्हणतात तिला. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ती वेगळी जात म्हणून मांडली, नमुने भारतीय आणि नेपाळी पेशंटचे होते, म्हणून नावात इंडो. आता ती युरोप-अमेरिकेत पण पोचलीय, न्यूयॉर्कमध्ये दोन केस सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. तुमच्या पोरानं महिनाभर टर्बिनाफिन खाल्लं आणि उपयोग झाला नाही, त्यात त्याची चूक नसावी. टर्बिनाफिन बुरशीच्या एका एन्झाइमला जाऊन अडकतं, त्या एन्झाइमशिवाय बुरशीला आपल्या पेशीचं कातडं बांधायला लागणारं एर्गोस्टेरॉल बनवता येत नाही. या नव्या जातीत बऱ्याचदा त्या एन्झाइमच्या साखळीतला एकच मणी बदललेला असतो, ३९७ नंबरचा, फिनाइलअॅलनिन नावाच्या अमिनो आम्लाच्या जागी ल्युसिन. एक मणी बदलला की औषधाची पकडच बसत नाही, पैलवानाच्या अंगाला तेल लावल्यावर हात सटकतो तसा. मग गोळी खा नाहीतर दोन खा.

आता पेप्टाइड. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ, पेप्टाइड म्हणजे त्याच मण्यांची छोटी माळ, बहुतेक १० ते ५० मणी. आणि जंतूंना मारणारी पेप्टाइडं ही काय कुणी कंपनीनं शोधून काढलेली गोष्ट नाही, झाडं, किडे, बेडूक, माणूस, सगळ्यांच्या अंगात ती पहिल्यापासून आहेत, आजवर तीन हजारांवर नोंदवली गेलीत. बेडकाची गोष्ट अशी की अमेरिकेत मायकेल झॅसलॉफ म्हणून संशोधक होते, ते आफ्रिकन बेडकांच्या अंड्यांवर काम करायचे. अंडाशय काढायला बेडकाचं पोट कापायचं, टाके घालायचे आणि परत त्याच घाण पाण्याच्या टाकीत सोडायचं. त्यांच्या लक्षात आलं की जखमा चिघळतच नाहीत, पू नाही, काही नाही. तेवढ्यावरून त्यांनी कातडी तपासली आणि १९८७ मध्ये मॅगेनिन म्हणून पेप्टाइडं जाहीर केली. मागेन म्हणजे हिब्रू भाषेत ढाल. मला हे नाव फार आवडतं, खरंच ढालच आहे ती.

ती मारतात कशी, तर बहुतेकांवर धन भार असतो आणि बुरशीच्या पेशीचं आवरण आपल्या पेशींपेक्षा जास्त ऋण भाराचं असतं, त्यामुळं पेप्टाइड तिकडं ओढलं जातं, आवरणात घुसतं आणि आवरण फाटतं. काही पेप्टाइडं आत शिरून पेशीची ऊर्जाच संपवतात. आपल्या लाळेत हिस्टॅटिन ५ म्हणून आहे, २४ मण्यांचं, ते कॅन्डिडा बुरशीला असंच आतून मारतं. म्हणजे शिळी थुंकी लावणारे आपले जुने लोक अगदीच हवेत बोलत नव्हते, एवढं तुमच्या मिस्टरांना सांगा. पण पुढचं पण सांगा. थुंकीत ते असतं फार थोडं, थुंकीतलेच एन्झाइम त्याचे तुकडे करतात, आणि ते ओळखीचं आहे तोंडातल्या कॅन्डिडाच्या, जांघेतल्या गजकर्णाच्या नाही. वर थुंकीत हजार प्रकारचे जंतू, खाजवून सोललेल्या कातडीवर ते लावायचं म्हणजे बुरशी राहिली बाजूला आणि पू व्हायचा.

झाडांत पण आहेत. मुळ्याच्या बियांत एक आहे, आणि निपाणीकडं जो तंबाखू पिकतो त्याची एक शोभेची चुलत बहीण आहे, तिच्या फुलात एक आहे, त्याच्यावर ऑस्ट्रेलियात खूप काम झालंय, तसल्याच एका झाडाच्या पेप्टाइडची नखाच्या बुरशीवर माणसांत चाचणी पण झालीय. (लगेच मुळ्याचं बी वाटून कुणी लावू नका, हात जोडते. दाण्यात असतं ते कणभर, ते वेगळं काढून शुद्ध केल्याशिवाय काही होत नाही, कातडी मात्र भाजते.)

मग एवढं सगळं आहे तर ट्यूब का नाही आली अजून? इथंच खरी गोम आहे आणि रीलवाले इथंच गप्प बसतात. काचेच्या नळीत बुरशी मारणं एक आणि माणसाच्या जांघेत मारणं वेगळं. घामातल्या मिठानं यातली बरीच पेप्टाइडं लुळी पडतात, आणि पैलवानाच्या अंगाला घाम किती हे तुम्हाला सांगायला नको. दुसरं, गजकर्णाची बुरशी जगते कशावर, तर आपल्या कातडीतलं केराटिन खाऊन, म्हणजे प्रोटीन तोडणं हाच तिचा रोजचा धंदा. तिच्यापुढं प्रोटीनची छोटी उघडी माळ टाकायची म्हणजे उंदरापुढं खारीक. तिसरं, कातडीतनं साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठा रेणू सहजासहजी आत जात नाही, आणि पेप्टाइडं हजार, दोन हजार, पाच हजारांची, त्यामुळं केसाच्या मुळाशी दडलेल्या बुरशीपर्यंत पोचणार कशी? चौथं म्हणजे काही पेप्टाइडं बुरशीबरोबर आपल्या रक्तातल्या लाल पेशी पण फोडतात. आणि बनवायला महाग. यावर उपाय शोधणं चालू आहे, माळेची दोन टोकं जोडून कडं करायचं म्हणजे एन्झाइमला धरायला टोकच मिळत नाही, किंवा मणी उलट्या ठेवणीचे वापरायचे, किंवा जुन्या औषधाबरोबर थोडं पेप्टाइड द्यायचं म्हणजे पेप्टाइडनं दार फोडायचं आणि औषधानं आत जायचं. हा शेवटचा मार्ग मला सगळ्यात आशेचा वाटतो, कारण आहेत ती औषधं परत कामाला लागतील. पण आजच्या घडीला गजकर्णासाठी मंजूर झालेलं पेप्टाइडचं मलम बाजारात नाही. त्या बेडकाच्या मॅगेनिनपासून बनवलेलं मलम पण, मधुमेही पायाच्या जखमेसाठी होतं ते, १९९९ मध्ये अमेरिकेनं नाकारलं, कारण आहे त्या औषधांपेक्षा ते सरस ठरलं नाही.

आणि "बुरशी कधीच सरावत नाही" हे तर साफ खोटं. कॅन्डिडा त्या हिस्टॅटिनचे तुकडे करणारी एन्झाइमं सोडते, म्हणजे सरावलीच की. एकायनोकॅन्डिन नावाची इंजेक्शनं आहेत, पेप्टाइडच्या कड्याला चरबीची शेपटी असलेली, त्यातलं पहिलं, कॅस्पोफंगिन, २००१ पासून वापरात आहे, आयसीयूमधल्या बुरशीला तीच देतात. तिथं कॅन्डिडा ऑरिस म्हणून एक बुरशी आहे, २००९ मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात पहिल्यांदा सापडली, तिचे काही वाण या इंजेक्शनला पण दाद देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची यादी काढली तेव्हा तिला पहिल्या चारांत घातलं. २०२१ ची काळी बुरशी आठवते ना? तिच्यावरच्या अॅम्फोटेरिसिन इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन लोक दुकानोदुकान फिरत होते, मी नाही म्हणून सांगायची आणि माणूस तरी जागचा हलायचा नाही. बुरशीवर औषधांचे प्रकारच आपल्याकडं मोजून चार-पाच आहेत. म्हणून मला पेप्टाइडची एवढी ओढ आहे आणि म्हणूनच अर्ध्याकच्च्या पावडरी कालवून जांघेत चोपडण्याची भीती वाटते. टर्बिनाफिनचं आपण जे करून ठेवलं तेच याचं आधीच करून ठेवू.

त्या बाटलीवर बघा, कुठंतरी "फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये" असं लिहिलेलं असेल, बहुतेक अशा बाटल्यांवर असतंच. आत काय आहे, किती आहे, जंतूविरहित आहे का, कुणी तपासलेलं नाही. आणि ब्यूटीच्या दुकानातलं पेप्टाइड सीरम ते सुरकुत्यांसाठी, त्याचा बुरशीशी संबंध नाही.

आता काय करायचं. तिघांना घेऊन एकाच दिवशी स्किनच्या डॉक्टरांकडं जा, एकटा मुलगा नको, तिघं. ३,८०० रुपये आहेतच बाजूला, खासगीत जमत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात त्वचारोगाची ओपीडी आहे, केसपेपर काढा. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, लपवू नका, डॉक्टर ओरडले तर ओरडू दे. केओएच तपासणी करता का विचारा, काही दुखत नाही त्यात, चट्ट्याच्या कडेवरची खपली ब्लेडच्या पाठीनं खरवडून काचेवर घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, थोड्या वेळानं कातडी विरघळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले दोरे सरळ दिसतात. स्टिरॉइडनं चट्ट्याचा चेहरामोहरा बदललेला असतो ना, म्हणून ही तपासणी हवी.

टर्बिनाफिन चाललं नाही म्हटल्यावर बहुतेक इट्राकोनॅझोल देतील. ती कॅप्सूल पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायची, तालमीत पोरं उपाशीपोटी गोळी टाकतात आणि वर ॲसिडिटीची गोळी घेतात, मग ती कॅप्सूल अंगाला लागतच नाही. कोर्स आठवड्यांचा असतो, दिवसांचा नाही, मधे लिव्हरची तपासणी सांगितली तर करायची, आणि खाज गेली म्हणून थांबायचं नाही. मलम दिवसातनं जितक्या वेळा सांगतील तितक्या वेळा, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जास्त, आणि कातडी साफ दिसल्यानंतर पण अजून दोन आठवडे. धाकटीला दादाच्या गोळ्यांतली अर्धी मोडून देऊ नका, तिचा डोस वजनावर ठरतो.

आणि करदोडा. मुलाच्या कमरेला काळा करदोडा असेलच. तो काढा, आज काढा. घामानं ओला, चोवीस तास अंगाला घासणारा दोरा, बुरशीला याच्यापेक्षा चांगलं घर कुठलं? कमरेचा चट्टा बरोबर त्या दोऱ्याच्या रेघेवर आहे का बघा, मी पैज लावते असणार. देवाचा आहे, नजरेचा आहे, सगळं मान्य, बरं झाल्यावर नवीन बांधा. धाकटीच्या कमरेला असेल तर तिचाही.

लांग रोज धुतलेली, कडकडीत वाळलेली पाहिजे. पावसाळ्यात तालमीच्या दोरीवर लंगोट वाळतच नाहीत, तीन दिवस ओलसर लोंबकळतात, त्यांना तो आंबूस वास येतो ना, तीच सकाळी परत अंगाला. चार जोड घेऊन द्या त्याला, गरम पाण्यात धुवायचे, ऊन नसेल तर इस्त्री फिरवून पूर्ण सुकवायचे, विशेष करून शिवणीवर. टॉवेल, वस्तरा, अंथरूण कुणाबरोबर वाटायचं नाही. घरी तिघांचे कपडे वेगळ्या बादलीत. गळून पडलेल्या कातडीच्या कोंड्यात बुरशीचे बीजाणू महिनोन्महिने टिकतात, म्हणून चादरी पण त्याच दिवशी काढा ज्या दिवशी औषध सुरू होईल.

वस्तादांचं मन मोडायचं नाही मला. लाल मातीत हळद, लिंबू, ताक, तेल घालून ती जपणारी माणसं आहेत ही, मातीचा दोष नाहीच, ही बुरशी मुख्यतः माणसाकडनं माणसाकडं जाते, अंगाला अंग घासून, एकाच्या टॉवेलनं दुसऱ्यानं पुसून. पण मातीनं ती जात पण नाही. वस्तादांना एवढंच विचारा की तालमीत अजून किती पोरं खाजवतायत. चार-पाच तरी निघतील. सगळ्यांचं एकदम औषध झालं नाही तर तुमचा पोरगा बरा होऊन परत कुस्तीच्या हौद्यात उतरला की आठवड्यात लागण. डॉक्टर हो म्हणेपर्यंत जोर-बैठका, पळणं, दोर चढणं सगळं करू दे, फक्त जोडीबरोबर लढत नको. खासबागेचं मैदान मारायचं म्हणतोय ना तो, एवढे आठवडे त्याच्या वयाला काहीच नाहीत.

आणि ताई, सासूबाईंची शुगर कधी तपासली होती? पाठीवर एवढं पसरलंय म्हणता आणि शुगरचं पत्रात काहीच नाही. जायच्या दिवशी तीही तपासून घ्या, आणि बीपीच्या, हृदयाच्या ज्या काही गोळ्या त्या घेत असतील त्यांची पाकिटं त्याच पिशवीत टाका, कारण इट्राकोनॅझोल काही गोळ्यांबरोबर चालत नाही, आणि हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना ते चिठ्ठी लिहायच्या आधी कळलं पाहिजे.